बाराशे रुपयांत काय येतं

गेल्या डिसेंबरात आमच्या वालावलच्या घरातली एकच खोली एकापाठोपाठ दोन कुटुंबांनी घेतली. चिऱ्याच्या भिंती, वर कौलं, मोठा पलंग, भिंतीतलं कपाट, पंखा, आतच न्हाणीघर आणि संडास, खिडकीबाहेर पोफळी. आधी ठाण्याचं वयस्क जोडपं दोन दिवसांसाठी आलं आणि चार दिवस राहिलं. निघताना त्या आजी म्हणाल्या, इतकी गाढ झोप मला कित्येक वर्षांत लागली नव्हती. त्यांच्यामागून आलेल्या चौघांनी दुसऱ्याच सकाळी खोली सोडली. टीव्ही नाही, एसी नाही, रात्री अंगावर येणारी शांतता, जेवण उशिरा, बघायला एक देऊळ आणि एक तळं, असं त्यांनी मोबाइलवर लिहिलं आणि पाचांतला एक तारा दिला. भाडं दोघांनाही सारखंच होतं, रात्रीचे बाराशे रुपये.

एकाच खोलीचे असे दोन निकाल लागले की वाईट निकालच खरा धरायचा, असा आता रिवाज पडला आहे. आणि तो निकाल त्या खोलीपुरता राहत नाही. त्यावरून सबंध सिंधुदुर्ग जिल्ह्याबद्दल एक मत तयार होतं आणि ते आम्हाला पुन्हा पुन्हा ऐकवलं जातं. कोकणाला देवाने निसर्ग दिला, पण माणसांना त्याचं चीज करता येत नाही. स्वस्तातली खोली घेतली तर नशिबाचा खेळ. मालवणी माणसाला पाहुणा सांभाळता येत नाही, त्याच्या अंगात धंदाच नाही, त्याने शेजारच्या गोव्याकडून शिकावं. हे मत मी कुडाळ स्टेशनच्या फलाटावर ऐकलं आहे, पर्यटनावरच्या भाषणांत ऐकलं आहे, आणि मे महिन्यात आमच्याच पडवीत बसून आंबे खाणाऱ्या आमच्याच चाकरमानी नातेवाइकांकडूनही ऐकलं आहे. गेली दहा वर्षं मी आणि माझी जाऊ मिळून घरातल्या अशा दोन खोल्या चालवतो. आजवर ऐकून घेतलं. आता उत्तर देते.

आधी पैशाचं बोलू, कारण बहुतेक तक्रारींचं मूळ तिथेच आहे. पाहुणा मोबाइलवरच्या बुकिंगमधून आला असेल, तर ती कंपनी पंधरा ते वीस-पंचवीस टक्के स्वतःकडे ठेवते. वीस धरले तरी बाराशेतले दोनशे चाळीस गेले, उरले नऊशे साठ. वर्षात खोली किती रात्री भरते? दिवाळीची सुट्टी, नाताळ, मे महिना आणि मधले शनिवार-रविवार. नव्वद रात्री भरल्या तर आम्ही म्हणतो, वर्ष बरं गेलं. नव्वद रात्रींचे झाले शहाऐंशी हजार चारशे, म्हणजे महिन्याला सात हजार दोनशे. त्यातून चादरी-टॉवेलांचं धुणं, सकाळचा चहा, पंपाची वीज, मदतीला येणाऱ्या बाईची मजुरी, पावसाआधीची घराची शाकारणी आणि पावसानंतर भिंतींना लागणारा रंग. या जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. चार महिने बहुतेक बंद राहिलेल्या खोलीची गादी, उशी, लाकूड, वायर, सगळ्यालाच तो पाऊस लागतो. आता मला कोणी सांगावं, या सात हजार दोनशेतून एसी कुठून बसवायचा? कौलारू खोलीला आधी छत घालायला हवं, विजेचा भार वाढवून घ्यायला हवा, आणि मग खोलीचं भाडं तीन हजार करायला हवं. ते केलं की हाच पाहुणा विचारणार, खेडेगावात तीन हजार?

मुंबईत बाराशे रुपयांत स्टेशनजवळच्या लॉजवर काय मिळतं हे मुंबईकराला पक्कं ठाऊक आहे. खिडकी नसलेली खोली, भिंतीला टेकलेला पलंग, रात्रभर गाड्यांचा आवाज, सकाळी न्हाणीघरासमोर रांग. तिथेही कोणाला चांगला अनुभव येतो, कोणाला वाईट. वाईट आला तर माणूस त्या लॉजला नावं ठेवतो आणि पुढच्या खेपेला दुसरा शोधतो. ढेकूण चावले म्हणून मुंबईच्या माणसाला पाहुणचार येत नाही, असा निष्कर्ष आजवर कोणी काढला आहे का? पुण्यात बसस्टँडसमोरच्या खोलीत नळाला पाणी आलं नाही म्हणून सगळ्या पुणे जिल्ह्याच्या अंगात धंदा नाही, असं कोणी भाषणात म्हटलं आहे का? मग वालावलच्या एका खोलीत टीव्ही नसण्याचा दोष सबंध कोकणाच्या स्वभावावर कशासाठी लादता?

आणि पाहुणा सांभाळता येत नाही म्हणजे नेमकं कोणाला? मुंबईच्या गिरण्या चालवणाऱ्या कामगारांत जुन्या रत्नागिरी जिल्ह्याचा, म्हणजे आजच्या रत्नागिरी-सिंधुदुर्गाचा, फार मोठा वाटा होता. हे लोक लालबाग-परळच्या चाळींत गावाच्या नावाने भाड्याने घेतलेल्या खोल्यांत दाटीवाटीने राहिले. एक पाळीवर जायला उठला की त्याच जागेवर पाळी संपवून आलेला दुसरा निजायचा. त्यांना दोन वेळचं जेवू कोणी घातलं? खानावळवाल्या बायांनी. दहा बाय दहाच्या खोलीत, एका स्टोव्हवर, उधारीवर, महिनाअखेरच्या पगाराच्या भरवशावर. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते याच बायांना सावकाराच्या व्याजातून सोडवून बँकेची कर्जं मिळवून देण्यासाठी. जानेवारी १९८२ मध्ये गिरण्यांचा संप सुरू झाला आणि अडीच लाखांच्या आसपास कामगारांचे पगार थांबले. तेव्हा या खानावळींची उधारीही बुडाली. एवढ्या मोठ्या शहराच्या कामगाराला पिढ्यान् पिढ्या जेवू घातलेल्या बायांत कोकणच्या लेकी-सुना किती होत्या, ते लालबागच्या कुठल्याही जुन्या चाळीत जाऊन विचारा. माझी आतेसासू त्यांच्यातलीच एक. ती बारा माणसांचा डबा एकटी करायची. तिच्या घरच्यांना पाहुणचार शिकवायला निघालेल्यांनी आधी एवढं तरी माहीत करून घ्यावं.

जेवण उशिरा येतं, ही तक्रार मी सर्वांत जास्त वेळा ऐकली आहे. माणसं दुपारी एक वाजता तारकर्लीहून परत येतात आणि ओट्यावरूनच सांगतात, काकू, आठ प्लेट कोंबडी-वडे. वड्यांचं पीठ तांदूळ, उडीद, धणे, मेथी घालून दळलेलं असतं. ते भिजवून काही तास मुरू द्यावं लागतं, तेव्हा कुठे वडा फुगतो. गावठी कोंबडी शिजायला दुकानातल्या कोंबडीपेक्षा किती तरी वेळ घेते. कांदा-खोबरं भाजून वाटप करायचं, सोलकढीसाठी नारळ किसून रस काढायचा, आणि एवढं करणाऱ्या बाया दोन. म्हणून आम्ही आदल्या रात्रीच विचारतो, उद्या काय जेवणार? त्यावर उत्तर येतं, बघू, उद्या सांगतो. उद्याची दुपार उजाडते आणि मग उशीर आमचा होतो. जे पाहुणे आदल्या रात्री सांगतात, त्यांच्यापुढे बरोबर साडेबाराला पान मांडलेलं असतं. तेच पुढे लिहितात की जेवण वेळेवर आणि घरच्यासारखं. अनुभव संमिश्र आहेत असं म्हणतात, ते या एका प्रश्नाच्या उत्तरावरून संमिश्र होतात.

माशांचं तर आणखीच वेगळं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना समुद्रात मासेमारीची बंदी असते, कारण तो माशांच्या विणीचा काळ आणि समुद्रही खवळलेला. या दोन महिन्यांत ताजी सुरमई मागणाऱ्याला आम्ही नाही म्हणतो. खाडीतलं काही मिळालं, तिसऱ्या मिळाल्या, तर सांगतो. नाहीतर कुळथाची पिठी, सुक्या बांगड्याची चटणी, उकड्या तांदळाचा भात आणि पावसाळी भाज्या. खोटं बोलायचं असतं तर बर्फातला मासा ताजा म्हणून वाढता आला असता, तळल्यावर पुष्कळांना कळतही नाही. आम्ही खरं सांगतो, तर त्याची नोंद होते: कोकणात येऊन मासेसुद्धा मिळाले नाहीत. खरं बोलणाऱ्याचे तारे कमी होतात आणि खोटं वाढणाऱ्याचे वाढतात, याचा विचार तारे देणाऱ्यांनी कधी केला आहे?

विजेचं आणि पाण्याचं मी एवढ्यातच आटोपते. वीज जाते, हे खरं. झाडांमधून गेलेल्या तारा वाऱ्यात तुटतात. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आलं तेव्हा आमच्या वाडीत कितीतरी दिवस अंधार होता, माडांचे शेंडे घरांवर पडले होते. गावाजवळच्या कर्लीच्या खाडीत भरतीचं पाणी वर चढतं, त्यामुळे काठावरच्या विहिरींना उन्हाळ्याच्या शेवटी मचूळ चव येते. तेव्हा आम्ही पिण्याचं पाणी वरच्या विहिरीवरून आणतो आणि पाहुण्याला ते उकळून देतो. न्हाणीतली बालदी भरून ठेवा असं सांगतो, ते पाहुण्याला त्रास द्यावा म्हणून नव्हे. पंप बंद पडला तर त्याची अडचण होऊ नये म्हणून.

हा जिल्हा १९८१ साली झाला. १९९७ साली देशातला पहिला पर्यटन जिल्हा म्हणून त्याची घोषणा झाली. १९९८ च्या जानेवारीत कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली, आणि आमच्याजवळच्या परुळे-चिपीला विमानतळ सुरू व्हायला ऑक्टोबर २०२१ उजाडला. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण २०११ पासून चाललं आहे आणि रायगडच्या खड्ड्यांत बारा-चौदा तास हाडं खिळखिळी करून घेतलेला पाहुणा रात्री अकराला आमच्या दारात उतरतो तेव्हा तो आधीच चिडलेला असतो. त्या चिडीला पहिलं भेटणारं माणूस म्हणजे आम्ही. रस्त्याला तारे देता येत नाहीत, म्हणून तो खोलीला देतो. पर्यटन जिल्हा म्हणवून घेणं सोपं होतं. कचरा कुठे टाकायचा, पाणी कुठून आणायचं, कुडाळहून नेरूरमार्गे वालावलला यायची शेवटची एसटी कधी, हे प्रश्न त्या घोषणेबरोबर सुटले नाहीत. ते घरोघरच्या बायांवर सोडले गेले.

गोव्याकडून शिका म्हणणाऱ्यांना मी विचारते, काय शिकायचं? साठ-सत्तरच्या दशकांत कळंगुट-हणजुण्याच्या घरांत परदेशी लोक महिनोन् महिने खोल्या घेऊन राहिले, ऐंशीच्या दशकात चार्टर विमानं उतरू लागली. त्या लोकांना तिथल्या घरांत एसी मिळाला नव्हता, विहिरीचं पाणी आणि मच्छरदाणी मिळाली होती. पुढे किनाऱ्यावर गर्दी झाली, आणि आज गोव्यातलीच गावं पाणी, कचरा आणि रात्रीच्या आवाजावरून भांडत आहेत. स्वस्त खोल्यांच्या तक्रारी तिथे इथल्याहून कमी नाहीत. गोव्याच्या माणसांबद्दल मला आपुलकी आहे, आमच्या निम्म्या गावाची सोयरीक तिकडची. पण आमच्या लक्ष्मीनारायणाच्या देवळाजवळच्या तळ्याकाठी रात्री दोनपर्यंत गाणी वाजवणं यालाच सोय म्हणायचं असेल, तर ती सोय आम्हाला नको.

बघण्यासारखं काही नाही, हेही असंच. देवळात शिरून दोन मिनिटांत फोटो काढून परतणाऱ्याला त्याचे कोरीव खांब दिसणार कधी? तळ्याच्या पाण्यात सकाळी माडांची सावली कशी पडते ते साडेदहाला उठणाऱ्याने बघायचं कसं? कर्ली इथून पुढे तारकर्ली-देवबागला समुद्राला मिळते. पलीकडच्या काठाला धामापूर, तिथला तलाव १५३० साली बांधलेला, अजून शेतीला पाणी देतो. कार्तिकापासून गावोगावच्या जत्रांत रात्रभर दशावतार चालतो, पहाटेपर्यंत माणसं उठत नाहीत. त्या चौघांना मी स्वतः सांगितलं होतं, आज शेजारच्या गावात नाटक आहे, जाऊबाईंचा मुलगा घेऊन जाईल. ते खोलीत मोबाइल बघत बसले आणि मग लिहिलं, रात्री करण्यासारखं काही नाही.

एक गोष्ट मात्र मी झाकून ठेवणार नाही. आमच्यातही काही जण आहेत जे दुसऱ्याच घराचे फोटो लावतात, फोनवर एक भाडं आणि दारात दुसरं सांगतात, नाताळात खोलीचे चौपट घेतात, मळलेली चादर उलटी करून घालतात. त्याला माझ्याकडे काहीही समर्थन नाही. स्वच्छ चादर, स्वच्छ संडास, पिण्याचं चांगलं पाणी आणि आधी सांगितलेलंच भाडं, एवढं बाराशेत मिळालंच पाहिजे, आठशेतही मिळालं पाहिजे. ते न देणाऱ्यावर तक्रार करा, नाव घेऊन करा, आम्ही तुमच्या बाजूने उभ्या राहू, कारण त्याच्या लबाडीचा फटका आम्हालाच बसतो. पण चादर मळलेली असणं आणि टीव्ही नसणं या दोन्ही गोष्टी एकाच पारड्यात टाकू नका. पहिली फसवणूक आहे. दुसरी खोलीच्या वर्णनात आम्ही आधीच लिहिलेली असते.

आता आमच्या अनुभवांचंही ऐका, कारण ते कुठे लिहिले जात नाहीत. चौघांसाठी खोली सांगून आठ जण उतरतात. जाऊबाई खिडकीतून बघते आणि मला हळूच म्हणते, "चार म्हणान आठ इले गो." मग आम्ही शेजारून गाद्या आणतो. कोणी चादरीला सांडलेला रस्सा पुसतं. तळ्याच्या पायऱ्यांवर बाटल्या फोडतात आणि दुसऱ्या दिवशी गावातली पोरं अनवाणी काचा वेचतात. देवळाच्या पाण्यात साबण लावून उतरू नका म्हटलं तर विचारतात, आम्ही पैसे दिलेत ना? मध्यरात्री दीडला दार वाजवून बर्फ मागतात. या सगळ्यावर आम्ही गप्प राहायचं, कारण बोललं तर तारे कमी होतात, आणि तारे कमी झाले की त्या यादीत आमची खोली इतकी खाली जाते की पुढचा पाहुणा तिथपर्यंत बोट सरकवतच नाही. तारे देण्याचा अधिकार सगळा एका बाजूला, आणि एका खोलीमागे महिन्याचे सात हजार ज्यांच्या घरात येतात त्या मात्र दुसऱ्या बाजूला. असल्या व्यवहारातून निघालेल्या निकालाला तुम्ही सत्य म्हणता?

सरकारची घरगुती खोल्यांसाठी निवास-न्याहारी नावाची योजना आहे. तिच्या नावातच सगळं आलं. राहायला जागा आणि सकाळची न्याहारी, तीही राहत्या घरात. घरात आजी खोकते, कोंबडा आरवतो, शेजारी कोणी वारलं तर त्या दिवशी वडे तळले जात नाहीत. हे सगळं त्या बाराशेत येतं. आजारी पडलेल्या पाहुण्याच्या पोराला रात्री कुडाळला दवाखान्यात घेऊन जाणंही त्यात येतं. आम्ही नेलेलं आहे, आणि त्याचे वेगळे पैसे लावलेले नाहीत. मोठ्या हॉटेलात या गोष्टी येत नाहीत आणि तिथे मिळणाऱ्या पुष्कळ गोष्टी इथे येत नाहीत. दोन्हींना एकच माप लावणारा माणूस मापातच चुकतो, मग तो कितीही देश हिंडून आलेला असो. म्हणून मी स्पष्टच सांगते: कोकणी माणसाला पाहुणा सांभाळता येत नाही हे मत खोटं आहे. स्वस्त खोल्यांतून ते सिद्ध होत नाही, आणि आमच्या घरातून तर मुळीच होत नाही.

येवा, कोकण आपलाच आसा, असं आम्ही म्हणतो ते मनापासून म्हणतो. येण्याआधी एक फोन करा. किती माणसं आहात ते खरं सांगा, काय जेवणार ते आदल्या रात्री सांगा. एसी आहे का विचारा, मी नाही म्हणेन. मासे आहेत का विचारा, त्या दिवशी जे असेल तेच सांगेन. भाडं बाराशे, आणि दारात आल्यावरही बाराशेच. एसी, टीव्ही हवा असेल तर कुडाळ-मालवणला चांगली हॉटेलं आहेत, त्यांचे नंबर माझ्याकडे आहेत, तेही देईन.